जुन्या मोटारसायकलींविषयी एक दुरुस्ती

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारसायकलींच्या पुनरुज्जीवनावर आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा हौसेने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एका छायाचित्राखालच्या ओळीत चूक आहे, ती कोणाच्या तरी पायावर बेतू शकते, म्हणून चार ओळींचे पत्र पाठवावे असे ठरवले होते. लिहायला बसल्यावर मात्र लक्षात आले की माझा आक्षेप त्या ओळीपुरता नाही. लेखात ज्या गाड्यांचे कौतुक झाले आहे त्या सगळ्या आरशासारख्या चकचकीत आहेत, त्यांतल्या एकीचाही सायलेन्सरचा पाइप इंजिनाजवळ तापून निळसर पडलेला दिसत नाही, आणि एका मालकाने तर पुनरुज्जीवनानंतर गाडी एकदाही रस्त्यावर उतरवली नसल्याचे अभिमानाने सांगितले आहे. जी गाडी उभीच ठेवायची तिचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणणे मला पटत नाही. शिवाय गाडी नवीकोरी दिसावी म्हणून जे केले जाते त्यातले बरेचसे तिचे नुकसान करणारे असते, आणि हे मी दुसऱ्यांचे पाहून शिकलेलो नाही, स्वतःच्या हाताने नुकसान करून शिकलो आहे.

माझी गाडी बीएसए या ब्रिटिश कंपनीची १९५२ सालची बी-३१ आहे. ३४८ घनसेंमीचे एकाच सिलिंडरचे इंजिन, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला मागचा ब्रेक आणि सहा व्होल्टची वीज, असा तिचा साधा संसार. हे मॉडेल १९४५ मध्ये बाजारात आले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले. त्यात अपूर्वाईचे फारसे काही नाही, आणि म्हणूनच की काय, तिच्यावर हात चालवताना मला संकोच वाटला नाही. गाडी माझ्याकडे आली तेव्हा इंजिन जाम होते, टाकीत गंज होता, पण एकही भाग गहाळ नव्हता आणि रंग मूळचा होता. चाकांच्या रिम क्रोमच्या नव्हत्या, रंगवलेल्या होत्या. आधीच्या कोणा मालकाने पैसे वाचवायला रंग फासला असणार असे मी गृहीत धरले, तो खरवडून काढला, आणि रिमपासून टाकीपर्यंत जे जे चमकवता येईल ते क्रोम करून घेतले. गाडी बँडवाल्याच्या कर्ण्यासारखी दिसू लागली.

दोन वर्षांनी त्या काळातल्या मोटारसायकलींविषयीचे जुने लेखन चाळताना कळले की कोरियन युद्धाच्या दिवसांत निकेलची टंचाई होती. क्रोमच्या थराखाली निकेलचा थर द्यावा लागतो; निकेल मिळेना म्हणून १९५२ च्या सुमारास अनेक ब्रिटिश कारखान्यांनी क्रोमला कात्री लावली आणि रिम रंगवूनच गाड्या बाहेर पाठवल्या. मी खरवडून काढलेला रंग कारखान्यातलाच होता. आता तोच रंग पुन्हा लावता येतो, मी लावलाही आहे, पण त्यावर १९५२ साली कोणाचा हात फिरलेला नाही. जर्मनीत १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बनवलेली लाकडी सांगाड्याची मोटारसायकल १९०३ मध्ये कारखान्याच्या आगीत जळाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या तिच्या प्रतिकृती आहेत आणि त्यांना प्रतिकृतीच म्हणतात. माझ्या रिमना मी काय म्हणावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसरी चूक इंजिनाच्या जिवावर उठली. इंजिनाच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, ॲल्युमिनियमवर वर्षानुवर्षांचा काळपटपणा चढला होता, तो जावा म्हणून मी दोन्ही अर्ध्या केस वाळूच्या माऱ्याखाली साफ करून घेतल्या. नंतर त्या साबणाने धुतल्या, पेट्रोलने धुतल्या, हवेचा झोत मारला आणि समाधानाने इंजिन बांधले. तेलाचे मार्ग बारीक असतात, त्यांना आत वळणे असतात, आणि तिथे अडकलेला कण धुण्याला दाद देत नाही. इंजिन तापून तेल पातळ झाले की तो सुटतो. तीनशे किलोमीटरही झाले नव्हते, तेव्हा एका चढावर इंजिनाच्या तळातून ठोका ऐकू येऊ लागला. टॅपेटची, म्हणजे झडपा हलवणाऱ्या भागांची, टिकटिक वरून येते आणि हलकी असते. हा आवाज जड होता आणि ॲक्सिलरेटर पिळला की वाढत होता. गाडी तिथेच बंद केली आणि ढकलत परत आणली. तेलाची गाळणी काढून पाहिली तर जाळीवर चंदेरी भुकटी बसलेली होती आणि ती दोन बोटांत चोळल्यावर करकरत होती. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे, म्हणजे बिग-एंडचे, रोलर ओरखड्यांनी भरले होते. त्यानंतर मी इंजिनाची केस रॉकेल आणि ब्रश यांखेरीज कशानेही साफ केलेली नाही. फारच हौस असेल तर पाण्याच्या माऱ्यातून बारीक काचमणी सोडण्याची पद्धत त्यातल्या त्यात सौम्य आहे, पण तिथेही प्रत्येक भोक आधी बुजवावे लागते, आणि नंतर प्रत्येक मार्गातून बारीक ब्रश आरपार काढल्याशिवाय इंजिन बांधू नये.

चकाकीच्या नादात होणारे आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. पोलादाच्या स्पोकवर किंवा ताण घेणाऱ्या बोल्टवर विजेच्या साहाय्याने मुलामा चढवताना धातूत हायड्रोजन शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होते. मुलामा दिल्यावर काही तासांच्या आत तो भाग सुमारे १९० अंश सेल्सिअसला पुरेसा वेळ भट्टीत ठेवला तर हायड्रोजन निघून जातो, पण घाईत हे काम टाळले जाते आणि अखेर धावत्या चाकातला स्पोक कटकन तुटतो. मूळ बोल्टवर बहुधा कॅडमियमचा मंद राखाडी मुलामा असे. लेखातल्या छायाचित्रांत जे बोल्ट दागिन्यांसारखे चमकत आहेत, ते त्या गाडीने आयुष्यात कधी पाहिलेले नसणार.

नट-बोल्टच्या आट्यांविषयी लेखात एकही शब्द नाही, याचे नवल वाटले, कारण ब्रिटिश गाडी उघडणाऱ्याची पहिली गाठ आट्यांशी पडते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले, त्यांचा कोन ५५ अंशांचा. सायकल थ्रेड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आट्यांचा कोन ६० अंशांचा. आणि एकाच गाडीवर दोन्ही नांदतात. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या तोंडाची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ उडतो आणि तो जवळपास बसणारा मेट्रिक पाना लावून मोकळा होतो. नटाचे कोपरे गोल झाले की पुढचा उपाय छिन्नी.

हे सगळे टाळता आले असते, कारण मला आधीच सावध करणारे एक वयस्क मिस्त्री भेटले होते. गाडी पाहून ते म्हणाले होते, 'आधी चालू कर, मग उघड.' इंजिन जाम असताना हे कसे करायचे, असे मी विचारले, तर त्यांनी प्लगच्या भोकातून तेल सोडून आठ दिवस गाडीकडे पाहायचेसुद्धा नाही असे सांगितले. 'मग ते हळूच सोडव, पेट्रोलची टाकी बाजूला ठेवून बाटलीतून पेट्रोल दे, ठिणगी आण, तेल त्याच्या वेगळ्या टाकीत परत पडते का ते बघ आणि थोडी चालव. कुठे उघडायचे ते गाडीच सांगेल.' मी त्या वेळी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी गाडी सुटी करून टाकली. मिस्त्रीकाकांचे ऐकण्याची बुद्धी मला इंजिन दुसऱ्यांदा बांधल्यावर झाली.

त्यांच्या सल्ल्यातले मर्म मला मॅग्नेटोने, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राने, शिकवले. पत्र्याच्या शेडमध्ये माझी गाडी दुसऱ्या किकला सुरू होत असे आणि येणारे-जाणारे वाहवा करत असत. रस्त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर गेल्यावर मात्र ती अडखळायची, बंद पडायची, आणि इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत कितीही किक मारल्या तरी ढिम्म राहायची. मॅग्नेटोतला जुना कंडेन्सर आणि तारांच्या गुंडाळीवरचे लाखेचे वेष्टन थंड असताना काम भागवतात आणि तापल्यावर हात वर करतात. ते बदलल्यावर तक्रार संपली. शेडमध्ये उभी करून पाच मिनिटे इंजिन वाजवण्यापुरतीच ती गाडी ठेवली असती, तर हा दोष मला जन्मात कळला नसता, आणि 'गाडी अगदी ठणठणीत आहे' असे मीही मुलाखतीत सांगितले असते.

पाच मिनिटे इंजिन वाजवण्याची ही सवय लेखातल्या दोन मालकांनी मोठ्या जिव्हाळ्याने वर्णन केली आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापलेले असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. थंड इंजिनात त्याचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवर, तेलात आणि सायलेन्सरच्या पोटात उरतो आणि तिथे आम्लासारखे काम करत राहतो. महिन्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन वाजवणे म्हणजे महिन्यातून एकदा त्याला थोडे पाणी पाजणे. त्यापेक्षा सहा महिने त्याला हातही न लावलेला बरा, किंवा मग सरळ वीस-पंचवीस किलोमीटरची चक्कर मारावी म्हणजे तेल पुरते तापते. उभ्या गाडीला विश्रांती मिळते हाही एक गैरसमजच आहे. माझ्या गाडीसारख्या इंजिनांत तेल वेगळ्या टाकीत असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या पेटीत, उतरते, आणि मग सुरू करताच धुराचा लोट उठतो आणि सांध्यांतून तेल बाहेर पडते. क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटतात. बॅटरी निकामी होते. कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाऊन मागे डिंकासारखा थर राहतो, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि टाकीला आतून दिलेला जुना लेपही सोडवते. हे सारे आजार बसून राहिल्याचे आहेत.

हा केवळ माझा हट्ट नव्हे. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिव्हा १९६६ मध्ये स्थापन झाली. तिने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोख असा आहे की मूळ द्रव्य शक्य तितके राखावे, नवे घातले तर ते ओळखता यावे, आणि वाहन चालते ठेवणे हा त्याच्या जतनाचाच भाग मानावा. इंग्लंडमध्ये १९३० पासून एप्सम ते ब्रायटन अशी पायोनियर रन भरते. तिच्यात १९१५ च्या आधी बनलेल्या मोटारसायकली आणि तीनचाकी भाग घेतात. त्यांतल्या कित्येकींना गिअर नाहीत, काहींना चढावर पेडल मारून मदत करावी लागते, आणि तरी त्या जातात. शंभर वर्षांहून जुनी यंत्रे एवढे अंतर कापत असताना सत्तर वर्षांच्या गाडीला काचेआड ठेवायचे कारण मला तरी दिसत नाही. काचेआडही सगळे सुरक्षित असते असे नाही. बर्मिंगहॅमजवळच्या राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला सप्टेंबर २००३ मध्ये लागलेल्या आगीत शेकडो गाड्या जळाल्या होत्या.

चालवायची म्हटल्यावर काही बदल करावे लागतात आणि त्यांना माझी हरकत नाही, मग कट्टर मंडळी काहीही म्हणोत. माझ्या गाडीच्या जुन्या रेग्युलेटरच्या डब्यात आता इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे आणि मागच्या दिव्यात एलईडी आहे, कारण सहा व्होल्टचा मूळ दिवा मागच्या ट्रकला दिसतो की नाही याची मला नेहमी धास्ती वाटे. पेट्रोलची नळी इथेनॉल सहन करणारी आहे. टायरवर नक्षी शाबूत दिसते म्हणून विसंबू नये. त्याच्या कडेवरचा चार आकडी संकेत आठवडा आणि वर्ष सांगतो, आणि जुनाट टायर कडक होऊन ओल्या रस्त्यावर साबणासारखा वागतो. जुने ब्रेक-लायनर उघडताना हवेचा झोत कधीही मारू नये, कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. धूळ ओली करून पुसून घ्यावी. हे सगळे बदल उलटवता येतात आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून मी जपून ठेवले आहेत. रिमच्या बाबतीत तशी सोय राहिली नाही.

प्रत्यक्ष चालवण्याविषयी लेखात एकच वाक्य आहे आणि त्यात 'राजेशाही अनुभव' असे शब्द आहेत. राजाला एवढे कष्ट पडत असतील असे वाटत नाही. पुढचा ब्रेक सात इंची ड्रमचा, त्यामुळे पुढचे वाहन काय करणार आहे याचा अंदाज ते वाहन करण्याआधी बांधावा लागतो. साठ-सत्तरच्या वेगात इंजिन खुशीत असते; त्यापुढे हँडलची थरथर बोटांत मुंग्या आणते. माझ्या स्पीडोमीटरच्या आत घड्याळासारखी यंत्रणा आहे, ती वेग ठरावीक अंतराने मोजते, म्हणून काटा सरकत नाही, टक टक उड्या मारत चढतो आणि तसाच उतरतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर गुरगुरतो आणि त्या गुरगुरण्यात जरा फरक पडला तरी कान टवकारले जातात. थांबल्यावर पहिली पाच मिनिटे पाना घेऊन गाडीभोवती फिरण्यात जातात, कारण एका सिलिंडरची थरथर कोणता नट सैल करील याचा नेम नसतो. गाडीखाली पडलेला तेलाचा थेंब कुठल्या सांध्यातून आला, हे आता मला रंगावरून सांगता येते. मुक्कामाला पोहोचल्यावर इंजिन बंद केले की थंड होणाऱ्या धातूची बारीक टिकटिक थोडा वेळ चालू राहते. ती संपेपर्यंत मी सहसा हलत नाही.

आता मूळ मुद्दा. लेखातल्या तिसऱ्या छायाचित्रात डाव्या हँडलवर जी छोटी कळ दिसते तिला ओळीत 'चोक' म्हटले आहे आणि सुरू करताना ती पूर्ण पुढे ढकलावी असे सांगितले आहे. ती चोकची कळ नाही. त्या धाटणीच्या गाड्यांवर चोकचे काम करणारी हवेची कळ बहुधा उजव्या हाताला असते. डावीकडची कळ ठिणगीची वेळ पुढेमागे करते. इंजिन वेगात असताना पिस्टन वर पोहोचण्याच्या बराच आधी ठिणगी पडावी लागते, पण किक मारताना पिस्टन सावकाश चढत असतो, आणि तेव्हा ठिणगी लवकर पडली तर स्फोट त्याला वर जाऊ न देता उलटा खाली ढकलतो. तो सगळा धक्का किकच्या दांड्यातून पायात येतो. घोटा मोडलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून किक मारण्यापूर्वी ठिणगी मागे घ्यावी, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकॉम्प्रेसरची कळ दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणावा, कळ सोडावी, किकचा दांडा पुन्हा वर येऊ द्यावा आणि मगच अंगाचा भार टाकून एक लांब, सलग किक मारावी. इंजिनाने ताल धरला की ठिणगी हळूहळू पुढे न्यावी. कळ कोणत्या बाजूला फिरवल्यावर ठिणगी मागे जाते, हे मात्र छायाचित्रावरून ठरवू नये. काही मॅग्नेटोंत केबल ताणली की ठिणगी पुढे जाते, काहींत सैल सोडली की पुढे जाते. मॅग्नेटोतल्या ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटचे झाकण काढून, कोणाला तरी कळ हलवायला सांगून, स्वतः डोळ्यांनी पाहावे.

पुढच्या रविवारी ही दुरुस्ती प्रसिद्ध करावी, ही विनंती. जागेअभावी पत्राला कात्री लावावी लागली तर माझ्या रिमची कहाणी खुशाल काढावी. कळीचा परिच्छेद मात्र पुरता ठेवावा.

आपला,
एक नियमित वाचक